झेंड्यातलं भोक

"चालायचं कुठं आहे त्यांना आता," ती बाई म्हणाली, आणि एल्वियो बर्तोलिनोच्या हातातला शू-हॉर्न खाली पडला.

फार मोठा आवाज झाला असं नाही. तोरिनोतल्या त्या कमानीखालच्या दुकानात दिवसभर काही ना काही पडतच असतं, खोकी, झाकणं, एखाद्या म्हाताऱ्याची काठी. एल्वियो त्याच्या बुटक्या स्टुलावर बसला होता. आयुष्याची पंधरा-सोळा वर्षं त्यानं याच स्टुलावर, लोकांच्या पायांशी बसून काढली होती. बाईनं काळे पुरुषी बूट मागितले होते. त्यानं सवयीनं विचारलं, पाय रुंद आहे की अरुंद, अंगठ्याजवळ हाड वाढलंय का, स्वतः आले असते तर बरं झालं असतं. बाईनं एकेचाळीस नाहीतर बेचाळीस, कुठलाही द्या, म्हणून सांगितलं. तो हसून म्हणाला, "बाई, कुठलाही कसा देऊ? उद्या चावले तर मला शिव्या घालतील." तेव्हा ती तसं म्हणाली. रागानं नाही, रडवेल्या आवाजातही नाही. दूध संपलंय म्हणून सांगावं तसं म्हणाली. मग त्यानं तिचा काळा स्कार्फ पाहिला. पाहायला पाहिजे होता आधीच, पण तो पायांकडे बघून बोलणारा माणूस. त्यानं मुकाट्यानं बेचाळीसचा जोड बांधून दिला. बाई गेली. गल्ल्यावरून मालकानं विचारलं, "बर्तोलिनो, बरं आहे ना? पांढरा पडलास." एल्वियो म्हणाला, "काही नाही, उठताना चक्कर आली." तो उठलेलाच नव्हता.

तेच शब्द. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईनं, दुसऱ्या एका काळ्या जोडाबद्दल, हेच म्हटलं होतं, आणि तो जोड त्याच्या स्वतःच्या पायांत घातला होता. ते बूट अजून त्याच्या घरी कपाटावर होते. दरवर्षी चार नोव्हेंबरला तो ते काढी, पॉलिश करी, घाली आणि डिव्हिजनच्या जुन्या लोकांच्या मेळाव्याला लंगडत जाई. बूट दीड नंबरानं लहान होते. दुकानात लाकडी साचा होता. घट्ट बूट त्यावर रात्रभर चढवला की सकाळी नरम येतो. अर्ध्या तोरिनोचे बूट त्यानं त्या साच्यावर सैल केले असतील, पण हा जोड कधी चढवला नाही. बायको नेल्ला म्हणे, "अरे, सुताराच्या घरात मोडकं स्टूल, तशातली तुझी गत." तो म्हणे, "हे सैल करायचे नसतात." का, ते त्याला धड सांगता येत नसे. चावत होते तोवर ती बाई खरी होती, एवढंच त्याला कळत होतं.

आणि यंदाचा मेळावा नेहमीसारखा नव्हता. कॅप्टन दालमास्सो, म्हणजे आता औषधाच्या दुकानाचे मालक, पण जुन्या लोकांसाठी कॅप्टनच, परवाच दुकानात येऊन गेले होते. बूट घ्यायला नाही. टोपी हातात धरून उभ्याउभ्याच म्हणाले, "बर्तोलिनो, झेंडा आता काचेत बसवायचा आहे. मग देवळात लावणार. ते भोक तसंच ठेवणं बरं दिसत नाही. तुझा तुकडा मिळण्यासारखा असेल तर चार तारखेपर्यंत आण. नाहीतर ननबाईंनी नवं पांढरं रेशीम दिलं आहे, ते शिवून टाकतो." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं एल्वियोला वाटलं. कॅप्टन गेल्यावर तो बराच वेळ एकाच खोक्याचं झाकण लावत, काढत राहिला. नवं रेशीम शिवलं की भोक बुजणार, आणि भोक बुजलं की कुणी विचारणारसुद्धा नाही, इथं काय होतं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या भोकात होती. ती त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

डिव्हिजनची गोष्ट सांगायची तर कॅप्टन रंगवून सांगत. चाळीस सालच्या जूनमध्ये आल्प्सच्या खिंडीत बर्फ पडत असताना केलेली लढाई, गोळीपेक्षा थंडीनं गेलेली पायांची बोटं. मग रखवालीची वर्षं, कधी हा पूल, कधी तो बोगदा, शेवटी फ्रान्सचा किनारा, जिथं शत्रू म्हणून समोर फक्त समुद्र होता. एल्वियोला मात्र डिव्हिजन आठवे ती तिच्या शेवटच्या दोन दिवसांत. त्रेचाळीसच्या आठ सप्टेंबरच्या संध्याकाळी रेडिओवर इंग्रज-अमेरिकनांशी तह झाल्याचं सांगितलं. पोरांनी टोप्या उडवल्या, कुणीतरी दारूचं पिंप फोडलं. सकाळी पाहतात तर वरचे साहेब मोटारींत बसून गायब, टेलिफोन मुका, आणि कालचे दोस्त जर्मन रस्त्यावर तोफा लावून बसलेले. मग सगळी डिव्हिजन डोंगर चढून घराकडे निघाली. हुकूम नाही, रांग नाही. बाजार उठल्यावर माणसं पांगतात तशी पांगली. कॅप्टन तेवढे राहिले. खिंडीतल्या ओस पडलेल्या जकात नाक्यात त्यांनी रेजिमेंटचा झेंडा टेबलावर पसरला, न्हाव्याची कात्री मागवली आणि कापायला घेतला. "जर्मनांच्या हाती अख्खा जाण्यापेक्षा आपल्या हाती तुकड्यांनी जाऊ दे," ते म्हणाले. जे दहा-पंधरा जण उरले होते त्यांना तळहाताएवढा एकेक तुकडा मिळाला. तुल्लियोला हिरवा मिळाला, कुणाला लाल, कुणाला मधल्या राजचिन्हाचा कोपरा. एल्वियोला निव्वळ पांढरा. "तुझ्या तुकड्याला नाक पुसलं तरी कळायचं नाही," तुल्लियो म्हणाला होता, आणि त्या दिवशीसुद्धा सगळे हसले होते.

कुणी तुकडा टोपीच्या अस्तरात शिवला, कुणी बनियनच्या आत. एल्वियोनं विचार केला: कपडे तर आता बदलावे लागणार, टोपी टाकावी लागणार, मग आपल्याजवळ शेवटपर्यंत राहणार काय? बूट. त्यानं तो तुकडा उजव्या बुटात, टाचेखाली घडी करून ठेवला. झेंडा पायाखाली! आपण काय करतोय ते त्याला कळत होतं, कान तापले होते, पण इलाज नव्हता. आणि पायदळाच्या माणसाच्या बुटात पांढरी चिंधी असणं यात नवल ते काय. मोजे कुणाला होते? सगळे पायांना चिंध्याच गुंडाळत.

खाली उतरले तर गावागावांत बाया दारांत उभ्या. ते दृश्य त्याला अजून स्वप्नात दिसे. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. बाया नवऱ्यांचे, भावांचे, रशियातून न परतलेल्या मुलांचे कपडे कपाटांतून काढून रस्त्यावर घेऊन उभ्या होत्या. "ये रे, हे घालून बघ. बाह्या आखूड आहेत, चालेल. तो गणवेश इकडे दे, चुलीत घालते." एका पाद्र्याच्या बहिणीनं एल्वियोला कोट दिला, पिठाच्या गिरणीवाल्यानं विजार दिली, दोन्हींना वेगवेगळा वास होता, कोटाला कापराचा, विजारीला कोंड्याचा. दोन दिवसांत एक अख्खी डिव्हिजन शेतकरी, सुतार, विद्यार्थी होऊन गेली. बूट तेवढे कुणी दिले नाहीत. युद्धाच्या चौथ्या वर्षी बुटांचा जादा जोड होता कुणाकडे? आणि पोरांनीही स्वतःचे टाकले नाहीत. गरिबाघरची पोरं ती, चांगलं कातडं, खिळे ठोकलेला तळ, असा बूट जन्मात पहिल्यांदा पायात आलेला. तो कोण खंदकात फेकून देणार? डोक्यापासून घोट्यापर्यंत सगळे बदलले आणि घोट्याखाली सगळे सैनिकच राहिले. जर्मनांना हे कळायला वेळ लागला नाही. फोस्सानोच्या स्टेशनात ते चेहरे बघतच नव्हते. गाडीत चढत आणि खाली वाकून बाकांखाली बघत.

घराकडच्या गाडीत बसलेल्या एल्वियोनं खिडकीतून पाहिलं, शेजारच्या डब्यातून एका पोराला उतरवत होते. पोराच्या अंगावर लग्नातला कोट होता. खाली तेच बूट. एल्वियोनं पाय मागे ओढले, पण बाकाखाली आणखी किती ओढणार? समोर एक काळ्या कपड्यांतली बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. चाळिशीची असेल, हात लालभडक, धुणं धुणाऱ्या बाईचे असतात तसे. ती त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होती.

"पाय पुढं कर," ती म्हणाली.

"काय?"

"पाय, पाय. बहिरा आहेस का?"

आणि त्यानं काही करायच्या आत ती खाली बसली आणि त्याच्या नाड्या सोडायला लागली. इतक्या झपाट्यानं, की जन्मभर हेच केलं असावं. गाठोड्यातून तिनं काळे कोरे बूट काढले. कोपऱ्यात कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेला म्हातारा मुद्दाम बाहेर बघू लागला. "बाई, हे कुणाचे?" एल्वियो पुटपुटला. "माझ्या बाबांचे. काल गेले. मी हे शहरातून विकत घेऊन निघाले होते, त्यांच्या पायांत घालायला." त्यानं पाय आखडला. तिनं त्याच्या घोट्यावर चापट मारली. "ताठ ठेव! चालायचं कुठं आहे त्यांना आता. तुला चालायचं आहे ना?" बूट शिरेना. तिनं स्वतःचं बोट टाचेमागे घालून शिरवला. बोट चिमटलं असणार, तिनं तोंडानं 'स्स' केलं. त्याचे बूट गाठोड्यात गेले, वर काळी शाल पडली, आणि दार उघडलं.

जर्मन वाकला. तेवढ्यात ती बाई एल्वियोवर अशी तुटून पडली, की त्याला खरंच वाटलं आपण काहीतरी केलं. "लाज नाही वाटत? घरी बाप मरून पडलाय आणि हा नवे बूट मिरवत हिंडतोय! आई रडतेय, पाद्री खोळंबलाय, आणि याला शहरात काम होतं! काय काम होतं रे? सांग ना सगळ्यांना!" जर्मनाला एक अक्षर कळलं नसेल. पण तसा आवाज त्याच्या घरीही कधी ना कधी निघाला असणार. त्यानं चकचकीत बूट पाहिले, एल्वियोच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दार लावून निघून गेला.

गाडी सुटली. एल्वियोच्या तोंडाला कोरड पडली होती. आभार मानायला हवेत, हे त्याला कळत होतं, आणि शब्द येत नव्हता. पुढच्याच छोट्या स्टेशनावर, व्हिल्लाबोस्काला, बाई गाठोडं उचलून उतरली. "तोंड मिट आता, माशी जाईल," म्हणाली, आणि गेली. गाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा त्याला तो पांढरा तुकडा आठवला. आणि खरं सांगायचं तर त्याक्षणी त्याला तुकड्याचं काहीच वाटलं नाही. तो पायांकडे बघून रडत होता, आणि कोंबड्यांवाला म्हातारा त्याला रुमाल देत होता.

मग युद्ध संपलं, एकेक जण तुकडा घेऊन परत आला, कॅप्टनच्या बायकोनं करड्या कापडावर तुकडे टाचून झेंडा जोडला, आणि मधोमध पांढऱ्यात एक भोक राहिलं. "हरवला," एल्वियो म्हणाला. तुल्लियो म्हणाला, "मी सांगितलंच होतं, नाक पुसलं असणार." सगळे हसले. दरवर्षी कॅप्टन एकेकाचं नाव पुकारत, तो पुढं होई, आपल्या तुकड्यावर बोट ठेवी आणि म्हणे, "हजर!" जे मेले त्यांच्या वतीनं सगळे मिळून म्हणत. एल्वियोचं नाव आलं की तो भोकाच्या कडेला बोट ठेवी आणि हळूच म्हणे, हजर. बूट चावत असत. व्हिल्लाबोस्का तोरिनोपासून काही लांब नव्हतं. तासाभराचाही प्रवास नाही. किती वेळा तो स्टेशनापर्यंत जाऊन परतला होता. जाऊन म्हणणार काय? आभार मानले, आणि मग ती म्हणाली, तुझे बूट होते त्यात काहीतरी, तेच न्यायला आलास ना? जिनं मेलेल्या बापाच्या पायांत जाणारं काढून दिलं तिच्या दारात आपण मागायला गेल्यासारखं दिसेल. या एका विचारानं तो दरवेळी मागं फिरे. आणि आता, स्टुलावर बसल्याबसल्या, एका अनोळखी बाईच्या एका वाक्यानं त्याला वाटलं, ती बाईही आता म्हातारी झाली असेल. तीही जाईल. मग मी कुणाला सांगणार?

पितरांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, त्यानं कपाटावरून बूट काढले. नेल्ला आरशासमोर टोपी घालत होती. "आज कुठं? आपली थडगी इथं आहेत."

"एका माणसाचे बूट परत द्यायचे आहेत."

नेल्लानं टोपीची टाचणी तोंडातून काढली. "घाल मग एकदाचे त्याच्या गळ्यात," ती म्हणाली, आणि तिनं सासऱ्यांसाठी आणलेल्या शेवंतीतली अर्धी फुलं काढून त्याच्या हातात दिली.

व्हिल्लाबोस्काला धुकं होतं. स्मशानात सगळं गाव लोटलं होतं, शेवंतीचा कडवट वास आणि मेणाचा. त्याला फक्त एवढंच माहीत होतं, की त्रेचाळीस सालच्या सप्टेंबरात गेलेला म्हातारा शोधायचा. भिंतीजवळ एक बाई गुडघ्यांवर बसून ब्रशनं दगड घासत होती. हात लालभडक. केस पांढरे झाले होते. दगडावर लिहिलं होतं, बत्तिस्ता गाल्लेआनो, आणि खाली ते साल. एल्वियो उभा राहिला. तिनं वर पाहिलं, ओळखलं नाही. मग तिची नजर त्याच्या हातातल्या बुटांवर गेली, आणि तिथंच थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "पोहोचलास म्हणायचा घरी."

"पोहोचलो," एल्वियो म्हणाला. "तुमच्यामुळं पोहोचलो. त्या दिवशी म्हणायचं राहून गेलं. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. फार." अठरा वर्षं जे तोंडात अडकलं होतं ते इतकं छोटं निघालं, याचं त्याला आश्चर्य वाटलं.

देल्फिना, हे तिचं नाव, परत दगड घासायला लागली. जरा जास्तच जोरानं. "फुलं आणलीस ना, ठेव तिथं. चावायचे का रे?"

"अजून चावतात."

"बाबांनाही चावलेच असते. माझा अंदाजच चुकला होता. दुकानदारानं विचारलं तर म्हटलं, कुठलेही द्या." ती हसली. "तुझे मात्र बरोबर आले बघ. मी घरी गेले, सगळे खोळंबलेले, नवे बूट कुठं म्हणून आई ओरडली. मी तुझे काढले. काका म्हणाला, खिळ्यांचे बूट शवपेटीत? मी म्हटलं, पहिल्या युद्धात बाबा अकरा लढाया कार्सोच्या दगडांवर चालले, पायदळातच होते ना तेही, आणि सरकारनं परत पाठवले ते फाटके बूट देऊन. मरेपर्यंत त्यावरून कुरकुरत होते. आता घाला त्यांना धड बूट. घातले."

एल्वियो थडग्याच्या कडेला बसला. "आत काही होतं का?"

"चिंधी होती पांढरी. रेशमी. मला वाटलं, कुणाच्या आईनं घातली असेल, पोराच्या टाचेला टोचू नये म्हणून. तशीच राहू दिली. बाबांच्याही टाचेला भेग होती."

मग त्यानं सांगितलं. जकात नाका, न्हाव्याची कात्री, सगळं. काहीच मागे ठेवलं नाही. देल्फिना ब्रश हातात धरून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, आणि मग तोंडावर हात दाबून हसायला लागली, इतकी की बाजूच्या थडग्यावरच्या बायकांनी वळून पाहिलं. "झेंडा? बाबांच्या टाचेखाली? अरे, कळलं असतं तर हलले नसते जागचे!" मग ती एकदम गंभीर झाली. ओले हात एप्रनला पुसत म्हणाली, "हवाय का तुला परत? पाद्र्याला विचारावं लागेल. उकरायचं म्हणजे..."

"नाही नाही," एल्वियो घाईनं म्हणाला. ज्या प्रश्नाला तो अठरा वर्षं भीत होता तो तिनं स्वतःच विचारला, इतक्या सहज, आणि उत्तर त्याच्यापाशी तयारच होतं. "तिथंच राहू दे. तिथंच बरा आहे." बूट त्यानं तिच्यापुढं केले. तिनं उलटेपालटे करून पाहिले, पॉलिशवरून अंगठा फिरवला. "मी काय करू यांचं? कोंबड्यांना घालू? ने. आणि सैल करून घे रे, वेडा कुठला."

चार तारखेला तो तेच बूट घालून गेला. लंगडत. पो नदीकाठच्या खानावळीत टेबलावर करडं कापड पसरलं होतं, शेजारी ननबाईंचं नवं रेशीम, सुईदोरा टोचून तयार. कॅप्टननी नावं पुकारायला सुरुवात केली. तुल्लियो हिरव्यावर बोट ठेवून ओरडला, "हजर!" मग, "बर्तोलिनो एल्वियो."

यंदा त्यानं बोट कडेला ठेवलं नाही. भोकाच्या मधोमध ठेवलं. बोटाखाली करडं कापड लागलं, खरखरीत. "हजर," तो म्हणाला. "कॅप्टनसाहेब, हे बुजवू नका. तुकडा हरवलेला नाही. तो जागेवर आहे." आणि त्यानं सांगितलं. टाचेखाली ठेवल्याचं सांगताना मान खाली गेली, देल्फिनाचं सांगताना आपोआप वर आली. कुणी हसलं नाही. तुल्लियोसुद्धा.

कॅप्टन नियमांचा माणूस. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पण तो माणूस आपल्या डिव्हिजनचा नव्हता," ते हळू म्हणाले.

"बूट आपल्या डिव्हिजनचे होते की," तुल्लियो म्हणाला. "आणि आपल्यापैकी झेंड्यासकट उभा राहिला असा तोच एक. म्हणजे, आडवा."

कॅप्टननी त्या भोकाकडे पाहिलं. त्यांनी सुईतला दोरा काढून घेतला, नवं रेशीम घडी करून कोटाच्या खिशात घातलं, आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"गाल्लेआनो बत्तिस्ता!"

सगळे उठले. खुर्च्या मागे सरकल्या.

"हजर!"

एल्वियोचा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. बोट अजून भोकातच होतं. बूट चावत होते, नेहमीच्याच जागी, उजव्या टाचेला. आणि त्यानं पाय हलवला नाही.